सायनचं जुनं वन-बीएचके, तळमजला: भिंती फोडायच्या आधी वायरिंगचं काय काय ठरवून घेऊ?

तळमजला_सायन – सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सायनला आमचं ४१० फुटांचं वन-बीएचके आहे. बिल्डिंग १९७४ ची, आम्ही तळमजल्यावर. येत्या सोमवारपासून काम काढतोय: लादी, ओटा, बाथरूम आणि सगळं वायरिंग नव्याने. सोसायटीची परवानगी मिळाली आहे, ठोकाठोक सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद. काल कॉन्ट्रॅक्टर आला आणि माझ्या हातात खडूचा तुकडा देऊन गेला. म्हणाला, "ताई, शनिवारपर्यंत भिंतीवर पॉइंट मार्क करून ठेवा. मग आमची पोरं वायरसाठी भिंतीत झिरी मारायला घेतील." तो खडू तेव्हापासून फ्रिजवर पडून आहे. हातात घेते, भिंतीसमोर उभी राहते आणि परत ठेवून देते. एकदा प्लास्टर झालं की पुढची पंचवीस वर्षं ते बदलणार नाही, हे माहीत असल्यामुळे हात पुढे जात नाही.

घराची परिस्थिती सांगते. स्वयंपाकघर आणि आतल्या खोलीत अजून लाकडी पट्टीवरचं मूळ वायरिंग आहे. हॉलचं पंधरा-वीस वर्षांपूर्वी कधीतरी कन्सिल्ड, म्हणजे भिंतीच्या आतून, करून घेतलं होतं. मीटरनंतर चिनी मातीचे दोन फ्यूज. उन्हाळ्यात एसी आणि गीझर एकत्र चालले की त्यातला एक जातो आणि माझे मिस्टर मोबाइलच्या उजेडात तार बांधत बसतात.

मला भीती वाटते ती वॉशिंग मशीनची. पावसाळ्यात मशीनच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. जून ते सप्टेंबर मी रबरी चप्पल घातल्याशिवाय कपडे काढत नाही आणि मुलीला तर हातच लावू देत नाही. दोनदा माणूस बोलावला. एक म्हणाला मशीन जुनं झालंय, दुसरा म्हणाला ओल आहे, पावसात होतं असं. मशीन बदललं, झिणझिण्या तशाच.

दुसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ ला आमच्या घरात पाणी शिरलं होतं. मागच्या भिंतीवर, कपाटामागे, त्याची रेघ अजून दिसते. आज टेपने मोजली: जमिनीपासून २२ इंच. त्या वेळी टीव्हीखालचा प्लग पाण्यात गेला होता. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की हल्ली सगळे टीव्हीचे, सोफ्याजवळचे पॉइंट खाली एक फुटावर घेतात, दिसायला छान दिसतं.

आणि सासूबाई. वय ७८, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोन-तीनदा उठतात. पलंगावरून उठून दाराजवळच्या बोर्डापर्यंत अंधारात पाच पावलं चालतात, मग दिवा लावतात. मागच्या महिन्यात त्याच पाच पावलांत स्टुलाला अडखळल्या. थोडक्यात निभावलं.

कॉन्ट्रॅक्टर पॉइंटमागे दर लावतो, त्यामुळे प्रत्येक पॉइंट सांगताना पैसे डोळ्यांसमोर येतात. कुठे हात आखडायचा आणि कुठे अजिबात नाही, एवढं मला कळलं पाहिजे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

जुना_वायरमन – मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, मी आयटीआयचा वायरमन. एकतीस वर्षं हेच काम केलं, आता मुलगा करतो. तुमचं झिणझिण्यांचं वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

पॉइंटचं नंतर. आधी त्या मशीनचा प्लग आजच काढून ठेवा आणि बोर्ड उघडून बघेपर्यंत लावू नका. मशीन बदललं तरी झिणझिण्या येतात म्हणजे दोष मशीनमध्ये नाही. तुमच्या त्या सॉकेटला अर्थ नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे. मशीनच्या आत थोडासा करंट पत्र्यावर येतोच. अर्थची वायर धड असेल तर तो तिच्यातून जमिनीत जातो, कोणाला कळतही नाही. ती नसेल तर तो वाट बघत बसतो आणि ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून जो हात लावेल त्याच्यातून जातो. आज झिणझिण्या आहेत. उद्या मोटरचं किंवा हीटरचं इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतील. रबरी चपलेवर भरवसा ठेवू नका.

जुन्या बिल्डिंगांत तीन प्रकार मी स्वतः पाहिलेत. सॉकेटला तीन भोकं आहेत पण वरच्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नाही. हिरवी वायर आहे पण पुढच्या बोर्डात तोडून ठेवलेली. आणि सगळ्यात वाईट, कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ एकत्र पिळलेला. असं असताना न्यूट्रल कुठे तुटला तर मशीनचं अख्खं अंग फेज होतं, म्हणजे पूर्ण करंट पत्र्यावर. पाण्याच्या नळाला अर्थ बांधणारेही आहेत, त्यांनी शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये करंट पाठवलेला मी पाहिलाय.

म्हणून पहिला खर्च अर्थिंगचा. मीटर रूममध्ये सोसायटीचा अर्थ आहे का, त्याचा खड्डा कुठे आहे, शेवटचं कधी तपासलं, हे सेक्रेटरींना विचारा. तिथून तुमच्या डीबीपर्यंत (घरातला मुख्य बोर्ड, जिथून सगळ्या लाइन निघतात) अर्थची स्वतंत्र वायर आणा आणि डीबीपासून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर गेलीच पाहिजे. तळमजल्यावर राहता ही तुमची सोय आहे, अंतर कमी.

दुसरा खर्च आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. लोकांना वाटतं एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच, लावली म्हणजे झालं. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी अर्धा अँपिअर माणसातून गेला तरी ढिम्म हलणार नाही, आणि माणूस मरायला त्याच्या कितीतरी कमी पुरतो. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करते, ०.०३ अँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडते. पण ओव्हरलोड तिला कळत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

वायर सांगतो, तांब्याचीच. दिवे-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र चारची, थेट डीबीपासून. मीटरकडून येणारी मेन काय घ्यायची ते लोड काढून ठरतं. तुमचंच बघा: दीड टनाचा एसी साधारण १५०० वॉट, गीझर २०००, मायक्रोवेव्ह १२००, इस्त्री १०००. चौघं एकदम चालले तर ५७०० वॉट, म्हणजे जवळपास २५ अँपिअर. त्यासमोर तुमचा चिनी मातीचा फ्यूज. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा. नवीन लोड त्यापेक्षा जास्त होत असेल तर वीज देणाऱ्या बेस्टकडे भार वाढवायचा अर्ज आत्ताच टाका, भिंती बंद झाल्यावर नाही. त्याला परवानाधारक ठेकेदाराची टेस्ट लागते, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरचा वायरमन परवानाधारकाच्या हाताखालचा आहे ना हे आजच विचारा.

हॉलचं जुनं कन्सिल्डही बदला. "ते चांगलं आहे, राहू द्या" असं कोणी म्हणालं तर पाइपातून एक वायर खेचून दाखवायला सांगा. जुन्या कामात बऱ्याचदा दोन सर्किटचा न्यूट्रल एकच असतो. तसं राहिलं तर नवी आरसीसीबी रोज पडू शकते आणि मग कोणीतरी वैतागून ती बायपास करेल.

---

ओटा_दादर – मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, दोन वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेले. काकांनी सुरक्षिततेचं सांगितलंय, मी ओट्याचं सांगते, कारण पॉइंट कमी पडतात ते तिथेच.

आमच्याकडे ओट्यावर दोन सॉकेट घेतले होते, शेजारी शेजारी, दोन्ही एकाच अडीचच्या वायरवर. इंडक्शन २००० वॉट आणि मायक्रोवेव्ह १२०० एकत्र चालायचे, १४ अँपिअर. त्यात कोणी चहासाठी १५०० ची किटली लावली की २० अँपिअर आणि १६ ची एमसीबी पडायची. सहा महिने रोज सकाळी सातला हा प्रकार. मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी लाइन घेतली, तीही नव्या टाइल फोडून. तुम्ही आत्ताच ओट्याला दोन वेगळ्या लाइन मागा. पैसे पॉइंटचे असले तरी टाइल फोडण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

मी काय केलं असतं तर बरं झालं असतं ते सांगते. ओट्यावर काय काय चालतं ते कागदावर नाही, प्रत्यक्ष मांडून बघायला हवं होतं. मिक्सर ठेवा, त्याची वायर किती लांब आहे ते बघा. ती गॅसवरून जाता कामा नये, सिंककडेही नको. घरघंटी असेल तर तिची जागा आधी ठरवा, कारण ती हलवायला जड आणि पिठाने माखलेला प्लग रोज काढायचा कोणी. पाण्याच्या फिल्टरला, चिमणीला, ओट्याखाली एक असे पॉइंट धरा. सॉकेट ओट्याच्या वर आठ-दहा इंच, म्हणजे कुकर उतरवताना पाणी सांडलं तरी तिथवर जात नाही. फ्रिजचा स्विच फ्रिजच्या मागे घेऊ नका. आमचा मागे आहे, आणि तो बंद करायचा तर दोन माणसं लागतात.

आता फ्रिजची गोष्ट, ती मला फार महागात पडली. आमच्याकडे अख्ख्या घराला मिळून एकच आरसीसीबी बसवली होती. गणपतीला दहा दिवस गावी गेलो, राजापूरला. इथे पावसात बाल्कनीतल्या सॉकेटमध्ये पाणी गेलं, आरसीसीबी पडली. तिने तिचं काम बरोबर केलं. पण घरात कोणी नाही, फ्रिजही त्याच आरसीसीबीवर. परत आलो तेव्हा दार उघडल्याबरोबर वास जिन्यापर्यंत गेला. लोणी, सुके बोंबील, सासूबाईंची इन्शुलिन सगळं फेकावं लागलं. इन्शुलिनचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आरसीसीबी कमीत कमी दोन घ्या. नाहीतर फ्रिजच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ, ज्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात. बाहेरचे, ओले, बाथरूमचे पॉइंट एकीकडे. फ्रिज आणि दिवे दुसरीकडे. रात्री काही पडलं तरी सगळं घर अंधारात जात नाही, आणि तुमच्या सासूबाईंसाठी ते महत्त्वाचं आहे.

सामान आम्ही लोहार चाळीतून, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणलं. वायरवर आयएसआय आणि आयएस ६९४ छापलेलं बघून घ्या, ९० मीटरचं बंडल सीलबंद असू दे. एफआरएलएस घेतली तर जळताना धूर कमी होतो. एका दाराच्या घरात ते मला हवंच होतं.

---

रिकामा_पाइप – मंगळवार, रात्री ९:२०

फक्त एक भर. इंटरनेटच्या वायरसाठी दारापासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून आतल्या खोलीपर्यंत एक वेगळा २५ मिमी पाइप टाका, पॉवरच्या पाइपातून ती वायर नेऊ नका. आत आत्ता काही नसलं तरी चालेल, एक नायलॉन दोरी तेवढी ओवून ठेवा. मी वर्क फ्रॉम होम करतो आणि माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीवरून फायबरची वायर खिळ्यांनी ठोकून नेलेली आहे. प्लास्टरच्या आधीच्या भिंतींचे फोटोही काढा, टेप लावून. पुढे फळी ठोकताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळतं.

---

तळमजला_सायन – शुक्रवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तीन दिवस घरात हेच चाललं होतं.

काकांचं वाचून मंगळवारीच मशीनचा प्लग काढला. काल परवानाधारक वायरमन आला. त्याने मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि मशीनमागचा बोर्ड उघडला. मी बॅटरी धरून उभी होते. सॉकेटच्या वरच्या पिनपासून हिरवी वायर निघाली होती, नीट स्क्रूने आवळलेली. चार बोटं आत गेली आणि संपली. टोक गुंडाळून त्यावर काळी टेप लावलेली, टेपचा डिंक सुटून बोर्डाच्या लाकडाला चिकटला होता. पुढे काही नाही. एवढी वर्षं मी त्या तीन भोकांकडे बघून समजत होते की अर्थ आहे. मुलगी बाजूला उभी होती, ती काही बोलली नाही, माझा हात धरला फक्त. त्या बोर्डाचा फोटो मी ठेवला आहे.

सोसायटीचा अर्थ मीटर रूममध्ये आहे, पट्टी गंजलेली. सेक्रेटरी म्हणाले खड्डा दुरुस्त करून तपासणी करून घेऊ. वरच्या मजल्यावरच्या दोघांनीही आपापले बोर्ड उघडायला सांगितलेत.

दादरच्या ताईंचं ऐकून बुधवारी संध्याकाळी ओट्यावर सगळं मांडलं. मिक्सरची वायर सव्वातीन फूट भरली. मी जिथे खूण करणार होते तिथून ती बरोबर शेगडीवरून आली असती. खूण डावीकडे सरकवली. फ्रिज दाराजवळून हलवून भिंतीच्या कोपऱ्यात घेतोय, स्विच ओट्याच्या वर. ओट्याला दोन लाइन, फ्रिजला आरसीबीओ. इन्शुलिन आमच्याकडेही आहे.

कुठे हात आखडला तेही लिहिते, कारण कोणीतरी हे वाचून हिशेब करेल. छताला सजावटीचे दिवे सहा होते, दोन ठेवले. हॉलमधले टीव्हीभोवतीचे पॉइंट आठवरून पाचवर आणले. रिमोटवाले स्विच नको म्हटलं. जे वाचलं ते चारच्या वायरमध्ये आणि आरसीसीबीत गेलं.

आता पाण्याचा प्रश्न राहिला. डीबी दाराशेजारी साडेपाच फुटांवर घेतोय. खालचे सॉकेट मी सरसकट ३६ इंचांवर आणलेत, दिसायला कसेही दिसोत. पण सासूबाईंच्या पलंगाजवळचा बोर्ड तेवढा उंच घेतला तर त्यांचा हात पोचत नाही. काय करू?

---

जुना_वायरमन – शनिवार, सकाळी ६:५०

ताई, चार बोटांवर संपलेली हिरवी वायर वाचून जिवाला लागलं. ती ज्याने तशी ठेवली तो आमच्यातलाच कोणीतरी.

पलंगाजवळ सॉकेट नकोच. फक्त स्विच द्या: एक दिव्याचा टू-वे, दुसरं टोक दाराशी, आणि एक बेलचा. बाथरूमच्या वाटेवर पायाशी नाही, डोक्याच्या उंचीवर एक छोटा रात्रीचा दिवा, तोही त्याच बोर्डावर. या बोर्डाला स्वतःची ६ अँपिअरची एमसीबी द्या, डीबीवर नाव लिहून. पाणी चढायला लागलं की आधी मेन बंद करायचं, हे घरातल्या सगळ्यांना एकदा हाताने करून दाखवा. पाणी ओसरल्यावर कोणी तपासल्याशिवाय चालू करायचं नाही.

पाइप बोर्डापासून सरळ वर जाऊ दे, तिरका नको. तुमच्या साडेचार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू देऊ नका, आणि स्लॅब-बीमला हात नाही. वायर ओढून झाल्यावर, फिटिंग लावायच्या आधी, मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक लाइन तपासून घ्या आणि आकडा कागदावर लिहून मागा. एक मेगाओहमच्या खाली आला तर ती वायर परत काढायला लावा. तेव्हा भांडण झालं तरी चालेल. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, तारीख लक्षात राहत नसेल तर बिल भरायच्या दिवशी.

---

तळमजला_सायन – शनिवार, दुपारी १:३०

काका, आत्ताच खडू हातात घेतला. सासूबाईंना पलंगावर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं, आई, दिवा लावा. त्यांचा हात उशीच्या बाजूने वर गेला आणि भिंतीला टेकला. बोटं जिथे थांबली तिथे मी खूण केली. नंतर टेप लावून पाहिली, जमिनीपासून ३० इंच. पाण्याची रेघ आठ इंच खाली आहे. त्यांनी डोळे उघडून खूण बघितली आणि म्हणाल्या, अजून जरा माझ्याकडे घे. दोन इंच सरकवली.